मी घसरलो नव्हतो

मी बोलतोय, पण कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे बघू नका. मी तुमच्या डोळ्यांना दिसायचा नाही. साताऱ्याच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कपाटात प्लास्टिकची एक डबी आहे. त्या डबीत बोटभर लांबीची पारदर्शक पट्टी आहे आणि पट्टीच्या मधोमध मी बसलो आहे. मी ग्राफीनचा पापुद्रा.

पापुद्रा म्हटलं की तुम्हाला भाकरी आठवणार. आठवू दे. तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा असतो ना, त्याच्या कित्येक लाखपट मी पातळ आहे. कार्बनच्या अणूंचा एकच थर. माझ्याखाली माझा दुसरा अणू नाही आणि वरही नाही. त्यामुळे जाडी म्हणाल तर मला नाहीच. हट्ट मात्र भरपूर आहे, आणि त्या हट्टाचीच गोष्ट मला सांगायची आहे.

जन्माने मी ग्रॅफाइटच्या घराण्यातला. शिसपेन्सिलीत जे काळं असतं तेच आमचं घराणं. ग्रॅफाइटच्या खड्यात आम्ही थरावर थर रचून पडलेले असतो. प्रत्येक थर आतून पोलादाहून घट्ट, पण शेजारच्या थराशी त्याचं नातं अगदी सैल. एका घरात राहून कामापुरतंच बोलणाऱ्या भावांसारखं. म्हणून तर पेन्सिल कागदावरून जाते तेव्हा आमच्यातले काहीजण कागदावरच राहून जातात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मला त्या खड्यातून बाहेर काढलं ब्राह्मीने. त्यासाठी मोठं यंत्र लागलं असेल असं वाटेल तुम्हाला. छे! साधी चिकटपट्टी. खडा चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची, उलगडायची, पुन्हा दुमडायची. प्रत्येक वेळी थर दुभंगत जातात, पातळ होत जातात. शेवटी चिकटपट्टी सिलिकॉनच्या चकचकीत तुकड्यावर दाबून सोडवली, तेव्हा मी एकटा त्या तुकड्यावर राहिलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर उघडा प्रकाश पडला.

सूक्ष्मदर्शकापाशी ब्राह्मी तासन् तास मान मोडून बसली होती. जाड थर पिवळे, निळे दिसतात. मी नुसता किंचित सावळा डाग. तिची नजर माझ्यावरून पुढे गेली, थबकली आणि परत आली.

“धैर्या, हिकडं ये! घावला बघ एक. चांगला मोठा हाय.”

धैर्यशील तिच्याबरोबर त्याच प्रयोगशाळेत संशोधन करणारा मुलगा. रहिमतपूरचा, वडील लष्करातून निवृत्त झालेले. त्याने डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, “डाग हाय का काचंवरचा?”

“डाग न्हाई रं. नीट बघ की.”

“आता तू म्हणतीस म्हणून दिसाय लागलाय.”

त्या क्षणापासून मी तिचा झालो. ही ब्राह्मी सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एका खेड्यातली, जैन शेतकरी घरातली. वडील अण्णाप्पा, आई चंदनबाला. साताऱ्यात खोली घेऊन राहते आणि पीएच.डी. करते. तिचा विषय सांगायला सोपा आणि करायला महाकठीण. माझ्यासारखा पापुद्रा एखाद्या पट्टीवर बसवला आणि पट्टी वाकवून ताणली, तर पापुद्राही तिच्याबरोबर तेवढाच ताणला जातो का? जात असेल, तर पापुद्र्याकडे बघून पट्टीवरचा ताण ओळखता येईल. पुढे कधीतरी अशी पट्टी घराच्या भिंतीवर चिकटवून भिंतीचं दुखणं तडा दिसायच्या आधी कळेल. ब्राह्मीची मावशी कोयनानगरला राहते. तिथली जमीन अधूनमधून हलतेच, आणि तिथली माणसं चहाची कपबशी हाताने धरून ठेवतात नि बोलणं पुढे चालू करतात. ब्राह्मी लहानपणी सुट्टीला तिथे जायची. तेव्हापासून हे तिच्या डोक्यात बसलं होतं.

पण आमची जात घसरणारी. आम्ही पट्टीला डिंकाने चिकटत नाही, नुसत्या जवळिकीने चिकटतो. सतरंजी ओढावी आणि वरचं सामान होतं तिथेच राहावं, तसं माझ्या आधीच्या सगळ्या पापुद्र्यांचं झालं होतं. पट्टी ताणली गेली आणि ते आपले जागच्या जागी. एकामागून एक घसरले.

जयराज सर हे ब्राह्मीचे मार्गदर्शक. माणूस वाईट नाही. विद्यार्थ्यांच्या डब्यातलं हक्काने खाणारा आणि अडलेल्याला खिशातून मदत करणारा. पण पुष्कळ प्रयोग फसलेले बघून त्यांनी एक सोपी सवय लावून घेतली होती. निकाल आला नाही की विषय बदलायचा. मी सापडल्याचं ब्राह्मीने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “छान. पण हा शेवटचा बरं का. हाही घसरला तर हा विषय बंद करू. दुसरा देतो, पहिल्यापासून सुरुवात कर.”

पहिल्यापासून! इतकी वर्षं खपून केलेलं सगळं एका वाक्यात धुवून टाकायचं. ब्राह्मी “हो सर” म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसली. तिची सगळी भिस्त माझ्यावर आली होती. मी मनाशी म्हटलं, पोरी, बाकीचे घसरले असतील, मी घसरणार नाही.

आता मला सिलिकॉनवरून उचलून प्लास्टिकच्या पट्टीवर बसवायचं होतं. माझ्यावर एक पातळ लेप दिला, खालून रसायनाने मोकळं केलं आणि काचेच्या थाळीतल्या पाण्यावर तरंगत सोडलं. पाण्यावर पसरायला फार बरं वाटतं. मग ब्राह्मीने पट्टी तिरकी करून पाण्यात घातली आणि झाऱ्याने पुरी उचलावी तसं मला अलगद वर घेतलं. वरचा लेप नंतर धुऊन टाकला.

त्या पाण्याबद्दल सांगायला हवं. प्रयोगशाळेतलं पाणी यंत्रातून शुद्ध होऊन आलेलं असतं. त्यात मीठ नाही, माती नाही, जीवजंतू तर नावालाही नाही. पण ब्राह्मीच्या घरात न गाळलेलं पाणी कुणी ओठाला लावत नाही. साताऱ्याला येताना चंदनबालाबाईंनी तिच्या पिशवीत पांढऱ्या सुती कापडाची दुहेरी गाळणी शिवून घातली होती. त्यातलं एक गाळणं प्रयोगशाळेत आलं. कॅनमधलं पाणी थाळीत ओतायची वेळ आली की तिचा हात आपोआप ते कापड पुढे करायचा. डोकं पीएच.डी. करत होतं, हात अजून सांगलीतच होते.

“अगं, ह्या पाण्यात जंतूसुदिक जगत न्हाई. काय गाळतीस?” धैर्यशील चिडवायचा.

“सवय हाय रं. गाळल्याशिवाय हात पुढं जात न्हाई माझा.”

पट्टीवर टेकलो तेव्हा माझ्या पाठीखाली काहीतरी बोचलं. बारीकसं, टोकदार. मी त्यावर तंबूसारखा उचलला गेलो. काय आहे ते मलाही कळलं नाही. मग पाणी उडून जावं म्हणून पट्टीला हलकी ऊब दिली. इथे माझा एक स्वभाव सांगतो. ऊब लागली की जगातल्या बहुतेक वस्तू पसरतात, मी आखडतो. प्लास्टिक पसरलं, मी आखडलो. ऊब काढल्यावर सगळं उलट झालं. पट्टी आक्रसली, मी सैल पडलो, आणि त्या बोचणाऱ्या जागेपासून माझ्या काठापर्यंत एक लांब सुरकुती पडली. तरी बाकीच्या अंगाने मी पट्टीला गच्च धरून होतो.

ताण मोजायचं लेझरचं यंत्र कोल्हापूरला. तिथली वेळ आधी मागून घ्यावी लागते. ब्राह्मी मला डबीत घालून, डबी दोन्ही हातांत धरून एसटीत बसली. शेजारच्या आजीबाईंचं लक्ष सारखं त्या डबीकडे.

“काय हाय गं त्यात? एवढं जपतीस ते?”

“पापुद्रा हाय आजी.”

“भाकरीचा?” आजीबाई कळवळल्या. “आगं, मग भाकरी कुणी खाल्ली? माझ्याकडं हाय, घे चतकोर.”

ब्राह्मी हसू आवरत भाकरी खात बसली आणि तिच्या मांडीवर मी गचके खात कोल्हापूरला पोचलो. जयराज सरही दुसऱ्या गाडीने आले.

यंत्राखाली पट्टी एका सांगाड्यात बसवली. हा सांगाडा धैर्यशीलने साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून करून आणला होता. त्याचा स्क्रू फिरवला की पट्टी कमानीसारखी वाकते आणि तिची वरची बाजू ताणली जाते. मी वरच्या बाजूलाच. मग लेझरचा हिरवा ठिपका माझ्या अंगावर पडला. माझे अणू सदा थरथरत असतात. त्या थरथरीची खूण परत जाणाऱ्या प्रकाशात उमटते आणि पडद्यावर तिचा एक उंच सुळका दिसतो. तंबोऱ्याची तार ताणली की सूर चढतो. माझं उलट आहे. मला ताणलं की माझा सूर उतरतो आणि पडद्यावरचा सुळका डावीकडे सरकतो. तो सरकला की समजायचं, पापुद्रा पट्टीबरोबर ताणला गेला.

स्क्रू फिरला. सुळका जागचा हलला नाही. आणखी फिरला. तरी नाही. ब्राह्मीचा श्वास मला ऐकू येत होता. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच.

“घसरला,” जयराज सर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

मी घसरलो नव्हतो! ओरडून सांगावंसं वाटलं, पण अणूंच्या एका थराला आवाज कुठला असायला? मी पट्टीला सगळ्या अंगाने धरून होतो. घात केला होता तो सुरकुतीने. पट्टी ताणली जात होती आणि माझी सुरकुती तेवढी उलगडत होती. लांब दाव्याला बांधलेलं वासरू दावं संपेपर्यंत मोकळंच हिंडतं, तसं चाललं होतं माझं. सुरकुती संपल्याशिवाय ताण माझ्या अंगाला लागणार कसा? आणखी थोडं वाकवा, एवढंच म्हणणं होतं माझं. पण यंत्राची वेळ संपली आणि मला डबीत घातलं.

मला राग आला तो निकालाचा नाही, त्या शब्दाचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला! ‘घसरला’ म्हणजे धरूनच नव्हता. आणि मी तर आयुष्यात धरून ठेवण्यापलीकडे दुसरं काही केलंच नव्हतं.

साताऱ्याला आल्यावर सरांनी रसायनाची बाटली ब्राह्मीपुढे ठेवली. “पट्टी चांगली आहे. पापुद्रा पुसून टाक आणि पट्टी दुसऱ्या कामाला ठेव. नव्या विषयाचं आपण सोमवारी बोलू.”

ब्राह्मीने बाटलीचं झाकण उघडलं. कापूस त्यात भिजवला. मी जीव मुठीत धरून होतो. पण तिचा हात पट्टीपाशी येऊन थांबला. तिने कापूस टाकून दिला, पट्टी उचलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पुसायच्या आधी एकदा बघावं, एवढंच असेल.

बघता बघता ती खुर्चीत पुढे सरकली. संगणकावर तिने घसरलेल्या जुन्या पापुद्र्यांची छायाचित्रं उघडली. घसरलेला पापुद्रा पट्टी सरळ झाली की गोळा होतो, त्याच्या अंगभर नव्या चुण्या पडतात. त्या सगळ्यांवर होत्या. माझ्यावर एकही नवी चुणी नव्हती. माझा कोपरा पट्टीवरच्या एका ओरखड्याशी जिथे होता तिथेच होता. आणि जी एक लांब सुरकुती होती ती आधीपेक्षा पुसट झाली होती.

“धैर्या, हा घसरला न्हाई.”

धैर्यशीलने पाहिलं. ह्या वेळी त्याने चेष्टा केली नाही. “मग ताण गेला कुठं? घोडं पेंड खातंय कुठं?”

दोघांनी सुरकुतीवरून हळूहळू नजर नेली. तिच्या मुळाशी, माझ्या पाठीखाली, एक पिळवटलेला चपटा तंतू होता. धाग्यातून सुटलेला, धाग्याहून कितीतरी बारीक.

“सूत हाय हे,” ब्राह्मी म्हणाली. “कापसाचं. पण पाणी तर गाळलेलं होतं. आलं कुठनं?”

त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं नाही. रविवारी ती गावी गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. मागे ठेवलं तर कुणी पुसून टाकील, ही भीती.

दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरी जेवणं होतात. त्याच्या आधी चंदनबालाबाई पाणी भरत होत्या. विहिरीच्या पाण्याची कळशी, घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड, त्यातून पाण्याची धार. ब्राह्मी उंबऱ्यात बसून बघत होती. डबी तिच्या हातात. पाणी गाळून झालं तसं आईने कापड उलटं केलं, त्यावरून गाळलेल्या पाण्याचा तांब्या ओतला आणि कापडात अडकलेलं सगळं हलक्या हाताने पुन्हा कळशीत सोडलं. ते पाणी नंतर विहिरीत जातं. कापडात सापडलेले बारीक जीव जिथून आले तिथे परत गेले पाहिजेत, ही त्यांची रीत.

ब्राह्मी ताडकन उभी राहिली. “आई! मी बी हेच करतीय की गं तिथं!”

“काय करतीस?”

“पाणी गाळती, आणि मग कापड उलटं करून तेवढं पाणी परत कॅनमधी सोडती. कॅन म्हंजी माझी विहीर झालीया! कापडाचं सूत मीच त्यात सोडतीय आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी...” बोलता बोलता तिची नजर हातातल्या डबीवर गेली. गाळताना कधी एखादा तंतू कापडातून खालीही सुटला असेल. ते कळल्यावर तिचे डोळे भरून आले. इतके पापुद्रे, इतके दिवस, आणि त्यांतलं किती आपल्याच हाताने बिघडलं असेल.

चंदनबालाबाईंनी कळशी खाली ठेवली. “आपल्यामुळं कुणाचा जीव जाऊ नये म्हणून सोडायचं आस्तं बाई. त्यात चूक ती कसली?”

“चूक न्हाई गं. त्या पाण्यात जीवच न्हाई. हात ऐकत न्हाईत माझं.”

“मग आता ह्यो पापुद्रा टाकून देणार व्हय?”

ब्राह्मीने डोळे पुसले. “न्हाई टाकणार. त्यानं सोडलंच न्हाई पट्टीला, मग मी का सोडू? त्येला घसरला म्हणत्यात ते खोटं हाय. एवढं मला दाखवायचंच.”

अण्णाप्पा गोठ्यातून आले होते. त्यांना विषय कळला नाही, पण मुलीचा आवाज कळला. “दाखव मग,” ते म्हणाले. “आदी जेव. दिवस बुडाय आला.”

सोमवारी ती सरांसमोर उभी राहिली. आधी तिने सुताचं खरं कारण सांगून टाकलं, मग पुसट झालेली सुरकुती दाखवली. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“हे तुझं अनुमान झालं. पुरावा कुठाय?”

“सर, आपण सुरकुती संपायच्या आधीच थांबलो. ती पूर्ण उलगडेपर्यंत वाकवायचं, आणि मग त्याच्या पुढे.”

“त्याच्या पुढे? त्या सुताच्या टोकाशी तो आधीच विरलाय, बघ इथे. तेवढं वाकवलंस तर फाटेल. फाटला तर हातात काय राहील? त्यापेक्षा नवा कर.”

“नवा करीनच सर. पण ह्याच्यावर ‘घसरला’ म्हणून शिक्का बसलाय तो बसलाच की मग. आणि ह्याच्यावरून तुम्ही विषय बंद करताय. फाटला तर फाटला म्हणून लिहीन. घसरला म्हणून नाही लिहिणार.”

सरांना कुणी असं बोललेलं आवडत नसावं, पण खोटं बोललेलं त्याहून नावडायचं. “कोल्हापूरची पुढची वेळ धैर्यशीलची आहे,” ते शेवटी म्हणाले. “त्याच्या पुढची कधी मिळेल देव जाणे.”

“माझी घ्या की सर,” धैर्यशील मागून म्हणाला. “माझा नमुना काय पळून जात न्हाई. तिचा पुसायच्या रांगंत उभा हाय.”

“एकदाच,” सर म्हणाले. “ह्यानंतर वाद नको.”

पुन्हा एसटी, पुन्हा कोल्हापूर, पुन्हा तो हिरवा ठिपका. ह्या वेळी मला माहीत होतं काय होणार आहे, आणि तरी मी घाबरलो होतो. सुताच्या टोकावर माझं अंग खरोखरच विरलं होतं. ताण आला की तो आधी तिथेच येणार.

ब्राह्मीने स्वतः स्क्रू हातात घेतला. फिरवला. सुळका स्थिर. फिरवला. स्थिर. सरांनी घड्याळ पाहिलं. मला आतून सुरकुती उलगडत चाललेली कळत होती, उंची कमी होत होती, चुणी पसरत होती. मागच्या वेळी थांबलो होतो ती जागा आली आणि मागे पडली. सुळका अजून तिथेच. धैर्यशीलने तिच्याकडे पाहिलं. ब्राह्मीने ओठ घट्ट मिटले आणि आणखी फिरवला.

सुरकुती संपली. जणू कुणीतरी दावं ओढून धरलं. पट्टीची ओढ माझ्या काठाला लागली, काठातून अंगात शिरली, माझ्या अणूअणूंत पसरली. सगळे बंध ताणले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की माझ्यात केवढं बळ आहे. माझा सूर उतरला.

“सरकला!” धैर्यशील ओरडला. “सर, सरकला!”

“एकदा सरकला म्हणजे काही नाही. पुढे जा,” सर म्हणाले, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली होती. स्क्रू फिरला, सुळका आणखी डावीकडे. पुन्हा फिरला, पुन्हा तेवढाच डावीकडे. पट्टी जेवढी ताणली जाईल तेवढा मी. ती पुढे आणि मी मागे असं एकदाही झालं नाही. सर आकडे मोठ्याने म्हणत होते आणि त्यांचा आवाज दर वेळी थोडा चढत होता.

सुताच्या टोकाशी मला कळ यायला लागली होती. तिथला सुळका दुसरीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त सरकला होता. सरांना ते पडद्यावर दिसलं. “ब्राह्मी, बास. तिथे फार ताण आलाय. इथे थांबलीस तरी चालेल.”

ब्राह्मीचा हात स्क्रूवर थांबला. तिला मला वाचवता आलं असतं. मला वाटतं, तिने तो विचार केलाही. “सर, इथून पुढे घसरतो का, हे कुठं कळलंय?” ती म्हणाली. “अर्धवट सांगायचं तर मागच्या वेळचंच झालं.” आणि तिने स्क्रू फिरवला.

मी फाटलो. आवाज झाला नाही. सुताच्या टोकापासून काठापर्यंत एक सरळ चीर गेली आणि तिथला सुळका पडद्यावरून नाहीसा झाला.

“गेलं,” धैर्यशील हळूच म्हणाला. ब्राह्मी खाली बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

जयराज सरांनी मात्र हिरवा ठिपका चिरेच्या एका बाजूला नेला. माझा सूर तिथे उतरलेलाच होता. दुसऱ्या बाजूला नेला. तिथेही तसाच. मधे चीर पडली होती, पण दोन्ही बाजूंनी मी पट्टीला तसाच धरून होतो. मग त्यांनी चष्मा काढला.

“ब्राह्मी, रडतेस कशाला? घसरणारा फाटत नाही. हा फाटला, म्हणजे धरून होता. मी ‘घसरला’ म्हणालो ते चूक. विषय चालू राहील.”

ब्राह्मी हसली की रडली ते मला नीट कळलं नाही, कारण तिने पट्टी इतकी पटकन डबीत घातली.

तर असा मी, फाटका, ह्या कपाटात आहे. ब्राह्मी आता पिण्याचं पाणी कापडाने गाळते आणि प्रयोगाचं न गाळता वापरते. दोन्ही हातांना दोन रीती शिकवायला तिला जड गेलं, पण जमलं. नवे पापुद्रे स्वच्छ बसतात. त्यांतले काही घसरतात, काही घसरत नाहीत. का, ते ती शोधते आहे.

तुम्हा माणसांना एकच विनवणी. कुणाला ओढून पाहिलं आणि तो हलला नाही, तर लगेच शिक्का मारू नका. त्याच्या अंगावर एखादी सुरकुती असेल आणि ती उलगडायला वेळ लागत असेल. थोडं थांबा, आणखी थोडं ओढून बघा. आणि पुसायची बाटली जरा लांब ठेवा.

चिरेच्या पलीकडे माझं बरंच अंग अजून धड आहे. काल ब्राह्मी धैर्यशीलला सांगत होती की त्या भागावर पुन्हा ताण देऊन बघायचा आहे, ह्या वेळी आणखी जास्त. धैर्यशील म्हणाला, “बिचाऱ्याला आता तरी सोड की.”

नको. सोडू नका. स्क्रू फिरवा. मी धरून आहे.